सातव्या महिन्यातला फोटो : टेक्सासमध्ये हौशी सोनोग्राफीचा स्टुडिओ उभारताना

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये पाटी असते : 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' इकडे डॅलसच्या उपनगरात, नखं रंगवायचं सलून आणि पिझ्झाचं दुकान यांच्यामधल्या गाळ्याच्या काचेवर दर चिकटवलेला असतो : '१६ आठवडे, मुलगा की मुलगी, ७९ डॉलर.' त्या काचेमागचा धंदा म्हणजे गरोदर बाईला हौसेखातर बाळाची थ्रीडी चित्रं काढून देणं, ठोके ऐकवणं, घरच्यांना मोठ्या पडद्यावर बाळ दाखवणं. रिपोर्ट नाही, मापं नाहीत, निदान नाही. इथे याला कीपसेक सोनोग्राफी म्हणतात.

मराठी मंडळींचे याबद्दल दोन प्रश्न ठरलेले. पहिला, हे पुण्यात काढता येईल का? नाही. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली (गर्भलिंग निदान रोखणारा कायदा) ठरलेल्या वैद्यकीय कारणाशिवाय गरोदर बाईची सोनोग्राफी करता येत नाही, प्रत्येक तपासणीमागे एफ फॉर्म भरावा लागतो आणि नोंदणी नसलेल्याला मशीन विकणंही गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर असा कायदा देशात सगळ्यांत आधी, १९८८ सालीच केला होता. 'लिंग सांगणार नाही, नुसता चेहरा दाखवू' ही पळवाटही चालत नाही, कारण हौस हे कारण त्या यादीतच नाही. इथलं जुनं मशीन गावाकडे पाठवायचा विचारही करू नये. दुसरा प्रश्न, अमेरिकेत काढायचं तर काय काय लागतं? पुढचं सगळं त्याबद्दल, आणि तेही टेक्सासपुरतं.

टेक्सासपुरतं अशासाठी की राज्य बदललं की नियम बदलतात. कनेक्टिकटने २००९ साली हौशी सोनोग्राफीवर सरळ बंदी घातली. कॅलिफोर्नियात हा वापर मंजूर वापरात बसत नाही, असं एफडीएचं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं) म्हणणं ग्राहकाला आधी लेखी द्यावं लागतं. ओरेगन आणि न्यू मेक्सिकोत सोनोग्राफरला राज्याचा परवाना लागतो, टेक्सासमध्ये लागत नाही. पण एफडीए सगळ्यांच्या डोक्यावर आहे. सोनोग्राफीचं मशीन हे डॉक्टरच्या आदेशानेच विकायचं उपकरण आहे, तसं त्याच्यावर छापलेलं असतं. शिवाय डिसेंबर २०१४ मध्ये एफडीएने लोकांना जाहीर सल्ला दिला की नुसत्या आठवणीच्या चित्रांसाठी सोनोग्राफी करून घेऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांचंही मत तेच. हे ग्राहकापासून लपवायचं नाही. आमच्या स्टुडिओच्या संमतिपत्रातलं पहिलं वाक्य याबद्दलचंच आहे. ते वाचून कुणी उठून गेलं तर जाऊ द्यावं.

त्यामुळे कंपनी, गाळा आणि मशीन यांच्या आधी डॉक्टर शोधायचा. प्रसूतिशास्त्राचा किंवा रेडिओलॉजीचा, टेक्सासचा परवाना असलेला, 'मेडिकल डायरेक्टर' म्हणून सही करणारा. तो रोज येत नाही. मशीनच्या खरेदीचा आदेश त्याच्या नावाने निघतो, कुणाची सोनोग्राफी करायची आणि कुणाची नाही याची लेखी नियमावली तो ठरवतो, आणि अडचणीच्या वेळी फोन उचलतो. टेक्सासमध्ये डॉक्टर नसलेल्या मालकाला डॉक्टर नोकरीला ठेवून वैद्यकी चालवता येत नाही. म्हणून हा करार वकिलाकडूनच लिहून घ्यावा. इंटरनेटवरचा तयार नमुना इथे चालत नाही. बरेच जण इथेच अडतात. दहा डॉक्टरांना विचारलं तर आठ जण 'माझी विमा कंपनी परवानगी देत नाही' म्हणतात, आणि ते खरंच असतं.

भारतातली एमबीबीएस, डीजीओ किंवा रेडिओलॉजीची पदवी असली तरी इथला परवाना नसेल तर या कामात ती पदवी धरली जात नाही. काचेवर, कार्डावर, फेसबुकवर कुठेही नावापुढे 'डॉ.' लावू नये. ग्राहक त्याचा अर्थ 'इथे तपासणी होते' असा घेतो, आणि उद्या काही वाकडं झालं तर वकील सगळ्यांत आधी तेच कार्ड पुढे ठेवतो.

कंपनीचं काम त्यामानाने सोपं. एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नोंदणीला टेक्सासमध्ये ३०० डॉलर लागतात, आयआरएसकडून, म्हणजे केंद्रीय कर खात्याकडून, मिळणारा ईआयएन हा कंपनीचा करक्रमांक फुकट. (तो काढून देतो म्हणून शंभर-दोनशे डॉलर मागणारी संकेतस्थळं असतात, तिकडे फिरकू नये.) मग राज्याच्या कम्प्ट्रोलरकडून विक्रीकराचा परवाना. छापील फोटो, फ्रेम, बाळाचे ठोके वाजवणारं टेडी यांवर विक्रीकर लागतो, राज्याचा ६.२५ टक्के आणि स्थानिक धरून जास्तीत जास्त ८.२५. नुसत्या सोनोग्राफीच्या रकमेवर तो लागतो की नाही, हे सीएकडून, म्हणजे इथल्या सीपीएकडून, लेखी घ्यावं. पावतीवर दोन्ही रकमा पहिल्या दिवसापासून वेगळ्या दाखवाव्यात. व्हिसावर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला आपल्याच स्टुडिओत काउंटरवर बसता येत नाही. एच-४ वर असलेल्या जोडीदाराला ईएडी (काम करण्याचा परवाना) असेल तर धंदा काढता येतो आणि चालवताही येतो. ही सोय २०१५ पासून आहे, पण ती एच-१बी धारकाच्या ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेला बांधलेली आहे. ईएडीची मुदत आणि गाळ्याच्या पाच वर्षांच्या भाडेकराराची मुदत शेजारी शेजारी ठेवून पाहावी, मगच सही करावी.

गाळा ८०० ते ९०० चौरस फुटांचा पुरतो. वाट पाहायची जागा, एक सोनोग्राफीची खोली, एक मागची लहान खोली आणि व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह. हे स्वच्छतागृह सोनोग्राफीच्या खोलीपासून दहा पावलांत हवं, कारण येणाऱ्या प्रत्येक बाईला तिथे एकदा तरी जायचंच असतं. आधीच्या भाडेकरूचं दुकान असेल तर शहराकडून वापराचा नवा दाखला लागतो, आणि अग्निशमनवाल्यांची फेरी होईपर्यंत दार उघडता येत नाही. पाटीवर 'इमेजिंग' शब्द दिसला की नगरपालिकेचा माणूस क्ष-किरणांबद्दल विचारतो. इथे ध्वनिलहरी असतात, किरणोत्सर्ग नसतो, हे एका ओळीत लिहून अर्जासोबत जोडलं की एक फेरी वाचते.

सोनोग्राफीची खोली १२ बाय १४ फूट असावी. भिंतीला गडद राखाडी रंग लावावा, नाहीतर पडद्याचा उजेड परतून येतो आणि चित्र फिकं दिसतं. बेड पाठ वर उचलता येईल असा, विजेवर चालणारा हवा. सातव्या-आठव्या महिन्यात बाईला सपाट उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि दहा मिनिटांत तिला घाम फुटून गरगरायला लागतं. म्हणून पाठ ३० अंश वर आणि उजव्या कुशीखाली उशी. समोरच्या भिंतीवर ७५ इंची टीव्ही, बाजूला सहा जणांचा सोफा. मशीनसाठी वेगळं सर्किट काढून घ्यावं. एसीच्या सर्किटवर मशीन लावलं की कॉम्प्रेसर सुरू होताना चित्रात आडव्या रेघा येतात, आणि मग महिनाभर लोक प्रोबला (पोटावर फिरवायच्या भागाला) दोष देत बसतात.

मशीन नवं घेऊ नये. हौशी कामात जीई व्होल्युसन मालिकेचा बोलबाला आहे, आणि जुनं, चांगलं ठेवलेलं ई-८ साधारण २० ते ३० हजार डॉलरला मिळतं. घेताना नुसतं वर्ष पाहू नये, सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहावी. ज्याला आता सगळे 'बाळाचा खरा फोटो' म्हणतात तो मऊ, त्वचेसारखा दिसणारा प्रकाश एचडीलाइव्हचा असतो. तो पर्याय मशीनमध्ये उघडलेला आहे की नाही, हे विक्रेत्याकडून पडद्याचा फोटो मागवून खात्री करावी. नंतर उघडून घ्यायला गेलं तर मशीनच्या किमतीच्या मानाने फार पैसे पडतात.

मशीनपेक्षाही जीव प्रोबमध्ये असतो. थ्रीडीचा प्रोब साध्या प्रोबसारखा नसतो. घुमटाखाली तेल भरलेलं असतं आणि त्या तेलात एक छोटी मोटर स्फटिकांची पट्टी पुढे-मागे हलवत असते. प्रोब पडला, थंडीत गाडीत राहिला किंवा घुमटाला केसाएवढी चीर गेली की तेल झिरपतं, हवेचा बुडबुडा शिरतो, आणि चित्रात एकाच जागी काळी पट्टी दिसू लागते. जुना प्रोब घेताना तो कानाशी धरून फोरडी (हलतं थ्रीडी) चालू करावं. एकसारखी घरघर ठीक, टकटक किंवा खरखर आली तर घेऊ नये. घुमट खाली करून प्रोब हलकेच तिरका करावा, आत बुडबुडा सरकताना दिसला तर तोही नको. कागदी नॅपकिनवर पाच मिनिटं उपडा ठेवून तेलाचा डाग येतो का तेही बघावं. बदली प्रोबला काही हजार डॉलर लागतात आणि तो शनिवारीच बिघडतो, म्हणून ती रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला काढलेली बरी.

प्रोब पुसायला अल्कोहोल वापरायचं नाही, त्याने घुमटाचं रबर कडक होऊन तडकतं. उत्पादकाच्या यादीत असलेले अल्कोहोलविरहित जंतुनाशक वाइप्स घ्यावेत. पाकिटावर लिहिलेली मिनिटं प्रोब ओला राहिला पाहिजे. लगेच कोरडा केला तर पुसून न पुसल्यासारखंच. जेलच्या बाबतीत आळस महागात पडतो. पाच लिटरच्या डब्यातून लहान बाटली भरताना उरलेल्या जेलवर नवं ओतत राहायचं, ही सवय सगळीकडे दिसते. दूषित जेलमुळे रुग्णालयांत संसर्ग पसरल्याचे प्रकार अमेरिकेत झालेले आहेत आणि २०२१ मध्ये एफडीएने त्यासाठी एका कंपनीचं जेल वापरू नका म्हणून सांगितलं होतं. बाटली संपली की टाकून द्यावी. जेल कोमट करणाऱ्या यंत्रात दिवसाला लागतील तेवढ्याच बाटल्या ठेवाव्यात, रात्री यंत्र बंद करावं. उबदार, ओलसर जागा जंतूंनाही आवडते.

आता मूळ मालाकडे. या धंद्यात विकायचं असतं चित्र, आणि ते चित्र आपल्या हातात नसतं. ते तीन गोष्टींवर असतं : आठवडा, गर्भजल आणि बाळ कसं बसलंय. थ्रीडी म्हणजे काही कॅमेरा नाही. ध्वनिलहरीला चेहऱ्याचा पृष्ठभाग कळायला चेहऱ्यासमोर पाण्याचा खिसा लागतो. नाकाला वार टेकलेली असेल, तोंडासमोर हात असेल, नाळ गालावरून गेली असेल, तर दोन लाखांचं असो की दोन हजारांचं, कुठलंही मशीन मातीचा गोळाच दाखवणार. २४ आठवड्यांच्या आधी बाळाच्या गालांवर चरबी नसते, चेहरा हडकुळा दिसतो आणि आई घाबरते. ३३ आठवड्यांनंतर डोकं खाली ओटीपोटात उतरतं आणि जागा उरत नाही. २७ ते ३१ हा पट्टा सगळ्यांत चांगला. आपल्याकडचं डोहाळजेवण सातव्या महिन्यात होतं, म्हणजे नेमकं याच पट्ट्यात. भारतीय ग्राहकांत सर्वाधिक बुकिंग ओटीभरणाच्या आठवड्यातलं असतं, ते अशामुळे. बुकिंगच्या फॉर्मवर प्रसूतीची तारीख घ्यावी आणि आठवडे आपण मोजावेत. 'सातवा महिना चालू आहे' हे कुणाचं २५ आठवड्यांना असतं तर कुणाचं ३०.

पाणी भरपूर प्या, असं आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही. निदान चार-पाच दिवस आधी निरोप गेला पाहिजे, तो आपोआप जाईल अशी व्यवस्था करावी. डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, हेही त्याच निरोपात. येण्याआधी अर्धा तास काहीतरी खाऊन या. साखरेने बाळ हलतं म्हणून सगळे मोसंबीचा रस पाजतात. खरं काम बहुधा रसाच्या थंडपणाने आणि बाई उठून चालल्याने होतं. मधुमेह असलेल्या बाईला तो रस अजिबात देऊ नये.

खोलीतला क्रम असा. आधी साध्या टूडीत बाळाची दिशा, वार कुठे, पाणी कुठे. मग चेहरा बाजूने, कपाळ-नाक-हनुवटी एका रेषेत. नाकासमोर काळी पट्टी, म्हणजे पाणी, दिसलं तरच थ्रीडीची चौकट लावायची. चौकटीची कड त्या काळ्या पट्टीत पडली पाहिजे, गालाला चिकटून नाही. चिकटली की नाकाचा शेंडा कापला जातो. नवशिक्यांचं हमखास चुकतं ते इथेच. चौकट मोठी ठेवली आणि गुणवत्ता वर नेली की फोरडी अडखळत चालतं, म्हणून आधी लहान चौकटीत हालचाल दाखवायची, मग बाळ शांत असताना एकेक स्थिर चित्र उच्च गुणवत्तेत घ्यायचं. स्थिर चित्र घ्यायच्या दोन-तीन सेकंदांत आईने श्वास धरायचा. समोर हात किंवा नाळ आली तर इलेक्ट्रॉनिक कात्रीने थोडं छाटता येतं, पण जास्त छाटलं की ओठ जातो. चेहरा पाठीकडे असेल तर बाईला कुशीवर वळवायचं, लघवीला पाठवायचं, दहा मिनिटं पार्किंगमध्ये चालवायचं. तरीही नाही झालं तर मोकळ्या मनाने पुन्हा बोलवायचं. साधारण पाचात एक बाई पुन्हा येते. हे फुकट असतं, पण त्याला वेळ जातो. तो वेळ वेळापत्रकात आधीच मोकळा ठेवलेला नसेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत दीड तास मागे पडतो.

सुरक्षेचं तत्त्व एकच, गरज असेल तेवढीच ऊर्जा आणि गरज असेल तेवढाच वेळ. पडद्याच्या कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन आकडे असतात. एमआय म्हणजे लहरींच्या दाबाच्या परिणामाचा अंदाज, टीआय म्हणजे ऊतक किती तापू शकतं याचा. टीआय आम्ही ०.७ च्या खाली ठेवतो, आणि दहा आठवड्यांनंतर हाडासाठीचा टीआयबी लावतो. ठोके ऐकवायला पल्स डॉप्लर बराच वेळ चालू ठेवणं ही वाईट सवय, त्यातच ऊर्जा जास्त जाते. दहा-पंधरा सेकंद रेकॉर्ड करायचं आणि मग रेकॉर्डच पुन्हा पुन्हा वाजवायचं. नातेवाईक पडद्याकडे बघत गप्पा मारत असतील तेव्हा चित्र गोठवून ठेवायचं, म्हणजे प्रोब ऊर्जा सोडत नाही. प्रोब पोटावर अर्ध्या तासाच्या वर नाही. १४ आठवड्यांच्या आत आम्ही कुणालाच घेत नाही, पैसे मिळत असले तरी.

१६ आठवड्यांना मुलगा की मुलगी कसं ओळखतात हे मात्र इथे लिहिणार नाही. हा मजकूर मराठीत आहे आणि कुठे वाचला जाईल सांगता येत नाही. त्याच कारणाने आमच्या जाहिराती गाळ्यापासून २५ मैलांपुरत्याच दिसतात. भारतात अशा जाहिरातीवर पीसीपीएनडीटीच्या कलम २२ खाली बंदी आहे, आणि शोधयंत्रांवर दिसणाऱ्या जाहिरातींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. बाळाचं लिंग पाकिटात बंद करून द्यायचं ते फक्त आईच्या सहीने, आईच्या हातात. नवऱ्याने किंवा सासूने फोन करून विचारलं तर उत्तर मिळत नाही. 'जरा लवकर, बाराव्या आठवड्यात बघता येईल का' असा फोन आला की १६ च्या आत नाही, एवढंच सांगायचं. कारणाची चर्चा करायची नाही.

सगळ्यांत अवघड भाग अजून राहिला. कधी ना कधी ठोके दिसणार नाहीत, किंवा डोक्याचा आकार नेहमीसारखा नसेल. सोफ्यावर आजी-आजोबा, सांगलीहून व्हिडिओ कॉलवर आत्या (डॅलसमध्ये उन्हाळ्यातले सकाळचे दहा म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ), आणि समोर ७५ इंची पडदा. म्हणून नियम असा, की पहिला मिनिटभर मोठा पडदा बंद. सोनोग्राफर आपल्या लहान पडद्यावर ठोके आणि हालचाल पाहून घेते, रिमोट तिच्या डाव्या हाताशी असतो, आणि नंतरच मोठा पडदा उजळतो. हा मिनिट दर वेळी, प्रत्येकीसाठी, न चुकता पाळायचा. फक्त शंका असेल तेव्हाच पडदा बंद ठेवला तर बंद पडदाच सगळं बोलून जातो. संशय आला तर वाक्य ठरलेलं आहे : 'आज मला हवी तशी चित्रं मिळत नाहीत. तुमच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करूया.' 'ठोके नाहीत' असं म्हणायचं नाही, कारण ते निदान झालं. 'सगळं छान आहे' असंही म्हणायचं नाही, तेही निदानच, आणि खोटं. मागच्या खोलीत नेऊन तिच्या डॉक्टरांना फोन लावून द्यायचा, आपल्या मेडिकल डायरेक्टरला कळवायचं, पैसे न विचारता परत. यासाठीच बुकिंगच्या फॉर्मवर तिच्या डॉक्टरचं नाव आणि फोन ही जागा रिकामी सोडता येत नाही. डॉक्टर नसलेली बाई आम्ही घेत नाही. 'नियमित तपासणीऐवजी इथेच येते' असं कुणी म्हणालं तर तर नाहीच नाही.

याच कारणाने सोनोग्राफर नोंदणीकृत हवी, एआरडीएमएस या संस्थेचं आरडीएमएस हे सोनोग्राफरचं प्रमाणपत्र असलेली, प्रसूतीच्या सोनोग्राफीचा अनुभव असलेली. चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन 'कुणीही करू शकतं' म्हणणारे फ्रँचायझीवाले भेटतात. चेहऱ्याचं चित्र काढायला महिन्या-दोन महिन्यांत कुणीही शिकेल. चेहऱ्यावर काही न दिसू देता वाकडी गोष्ट ओळखायला रुग्णालयातली वर्षं लागतात. अशी माणसं आठवडाभर रुग्णालयात असतात आणि शनिवार-रविवारी ताशी ४० डॉलरच्या आसपास मिळतात. सुदैवाने ग्राहकही शनिवार-रविवारीच येतात.

हातात काय द्यायचं? सोनोग्राफीच्या यंत्राचा काळा-पांढरा छापील कागद उष्णतेवर चालतो. तो लॅमिनेट केला की तिथल्या तिथे काळा होतो, उन्हात गाडीत ठेवला तर उन्हाळाभरात पुसट. हे ग्राहकाला सांगून ठेवावं, नाहीतर महिन्याने काळा कागद घेऊन येतात. थ्रीडीसाठी चार बाय सहाचा वेगळा रंगीत प्रिंटर. फाइली देण्यासाठी ग्राहकाचा पेन ड्राइव्ह मशीनला कधीही लावू नये. ही मशीनं जुन्या विंडोजवर चालतात आणि एका व्हायरसने आठवडा जातो. चित्र एका कॅप्चर डबीतून लॅपटॉपवर घ्यायचं आणि तिथून दुवा पाठवायचा. विमा कंपन्यांना बिल करत नसल्याने आपण हिपाच्या (रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या केंद्रीय कायद्याच्या) कक्षेत नाही, असं समजून बरेच जण निर्धास्त असतात. टेक्सासचा स्वतःचा वैद्यकीय गोपनीयतेचा कायदा हिपापेक्षा रुंद आहे, माहिती बाळगणारा प्रत्येक जण त्यात येऊ शकतो. लॅपटॉपला कुलूप, फाइलींना मुदत, आणि फेसबुकवर कुणाचंही चित्र लेखी परवानगीशिवाय नाही. टेडीतली ठोक्यांची डबी २० सेकंदांची असते. तिचं रेकॉर्डचं बटण दुसऱ्यांदा दाबलं तर ठोके जाऊन तिथे दादाचं ओरडणं बसतं. म्हणून कुलपाची कळ असलेलीच डबी घ्यावी, आणि ठोक्यांची फाइल आपल्याकडे ठेवावी.

हिशेब महिन्याचा मांडू. भाडं २,४००, सोनोग्राफर आठवड्याला २४ तास धरून करासकट ४,७००, डॉक्टर ६००, विमा २५०, जाहिरात ९००, वीज-इंटरनेट-बुकिंग ३५०, मशीनचा हप्ता ७००. बेरीज ९,९०० डॉलर, आणि यात मालकाचा पगार नाही. सरासरी पावती १२५ ची, त्यातून कागद, टेडी, कार्डाचं कमिशन मिळून १६ गेले की १०९ उरतात. म्हणजे महिन्याला ९१, आठवड्याला २१ पैसे देणाऱ्या ग्राहक हव्यात, तेव्हा कुठे बरोबरी. ४५ मिनिटांची एक वेळ धरली तर २४ तासांत ३२ जागा. त्यातल्या चार-पाच फुकटच्या फेऱ्यांना जातात. उरलेल्यांत कमाई. एक ग्राहक एका गरोदरपणात दोनदा येते, फार तर तीनदा, आणि मग दोन-तीन वर्षं दिसत नाही. जुन्या गिऱ्हाइकावर हा धंदा उभा राहत नाही, दर महिन्याला नवीन माणसं लागतात. ५० डॉलर सूट देणारी कूपन संकेतस्थळं सुरुवातीला गर्दी देतात, पण अर्धी रक्कम तेच ठेवतात आणि चित्रं चांगली नाही आली की तीच गर्दी सगळ्यांत आधी एक तारा देते. त्यापेक्षा डोहाळजेवणाचं जेवण पुरवणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या आणि बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बायकांशी ओळख ठेवलेली बरी.

विमा काढताना दोन पॉलिसी लागतात, एक जागेची सर्वसाधारण आणि एक व्यावसायिक चुकीची. गाळ्याच्या मालकाला पहिली पुरते, म्हणून लोक दुसरी टाळतात. विमा कंपनीला 'फोटोग्राफी स्टुडिओ' असं सांगून स्वस्तात काढलेली पॉलिसी दाव्याच्या दिवशी कागदाचा तुकडा ठरते. काय करतो ते स्पष्ट लिहावं, संमतिपत्राची प्रत जोडावी, आणि नकार आला तर दुसऱ्या कंपनीकडे जावं.

रात्री बंद करताना प्रोब पुसून होल्डरमध्ये, घुमट वर. वायर खुंटीला दोन मोकळ्या वेटोळ्यांत, जमिनीपासून वर. घुमटानंतर सगळ्यांत जास्त प्रोब मरतात ते खुर्चीच्या चाकाखाली वायर सापडून. मशीन बटणाने बंद करायचं, भिंतीवरच्या खटक्याने नाही, नाहीतर सकाळी पहिली बाई बेडवर असताना डिस्क तपासायला वीस मिनिटं घेतं. जेलची यंत्रं बंद, उरलेल्या बाटल्या कचऱ्यात, दुसऱ्या दिवशीच्या नावांचे आठवडे पुन्हा एकदा मोजून.